उंदराचा चौथा पाय

आमच्या पुरानी बस्तीतल्या कुमुदकाकूंना टिकल्या घेताना एकदा पाहायला हवं. बांगडीवालीकडे ठाण मांडून बसतात, पाकिटामागून पाकीट काढायला लावतात, एकेक टिकली बोटाने चोळून बघतात आणि खड्याची दिसली की नाक मुरडून परत करतात. गंमत अशी, की काका गेल्यापासून काकूंचं कपाळ कोरं आहे. मग टिकल्या जातात कुठे? यावर गल्लीत बराच खल झाला.

टिकल्या जातात माझ्या माऊसच्या पोटाखाली.

घराच्या पुढच्या खोलीत माझं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान आहे. दिवसभर घासून माऊसचे खालचे गुळगुळीत पाय झिजतात आणि तो टेबलावर अडखळू लागतो. असा एक माऊस मी कचऱ्यात टाकत होतो, तो शेजारीच राहणाऱ्या कुमुदकाकूंनी वरच्यावर झेलला. "फेकाले काय अक्कल लागते?" असं म्हणून घरी नेला, आणि दुसऱ्या दिवशी चार कोपऱ्यांना चार मखमली टिकल्या डिंकाने चिकटवून आणला. तेल लावल्यासारखा सरकत होता.

तेव्हापासून रोज सकाळी काकू डॉक्टरीणबाईंसारख्या येतात आणि आज कोणता उंदीर आजारी आहे, असं विचारतात. बटण दबेनासं झालं तर आत खराट्याच्या काडीचा तुकडा. चाक बोटाखाली घसरलं तर त्यावर वेणीचं रबर. एकदा चाकच तुटलं, तर काकांच्या कोटाचं बटण बसवून दिलं. ते असं काही खडखडायचं की गिऱ्हाईक खुर्ची मागे सरकवायचं.

टिकली मात्र मरून रंगाचीच हवी. माऊसच्या पोटाखाली रंग कोण पाहतो, असं मी एकदा विचारलं.

"मले दिसते ना," काकू म्हणाल्या आणि स्क्रू काढायचा पेचकस शोधायला लागल्या.

काका असताना त्या मरून टिकलीच लावायच्या, हे मला नंतर बायकोने, मंगलाने, सांगितलं.

संक्रांतीला मंगला हळदीकुंकू करते. विधवेने त्यात जायचं नाही ही रीत कुणी घातली देव जाणे, पण काकू ती इमानेइतबारे पाळायच्या. मंगला दरवर्षी बोलवायला जायची. बाया काय म्हणतील, माझं डोकं दुखतंय, असं काहीतरी सांगून काकू दार ओढून घ्यायच्या. यंदाही तेच झालं. त्या दारामागे काकू एकट्या बसतात, या विचाराने मंगलाला तिळगूळ गोड लागत नसे.

नेमका त्याच दुपारी माऊस अडला. समोर बसलेल्या माणसाच्या फॉर्मची शेवटची तारीख. मी काकूंना हाक मारली. बायांना यायला अवकाश आहे ना, हे दोनदा विचारून घेऊन त्या आल्या. तीन पाय चिकटले. चौथी टिकली हातात, तेवढ्यात डिंकाची बाटली कलंडली. एका हाताने बाटली सावरायची, दुसऱ्याने माऊस. टिकली हरवू नये म्हणून काकूंनी ती चटकन कपाळावर टेकवली.

आणि बाया आल्या. दारातच थांबल्या. त्या कुठे बघतायत हे काकूंच्या लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उतरला. हात कपाळाकडे गेला.

"उंदराचा पाय हाय व तो," त्या पुटपुटल्या.

कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच हसल्या. मंगलाने पुढे होऊन काकूंचा हात मध्येच धरला.

"राहू द्या काकू. उंदराले तीन पाय पुरते."

तिने त्या टिकलीखालीच हळदीकुंकू लावलं. काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर माझ्याही आलं. "भैया, मेरा फॉर्म?" समोरच्याने विचारलं, तेव्हा कुठे मी माऊस हातात घेतला. काकू आत बायांमध्ये जाऊन बसल्या होत्या.

तो माऊस अजून तीन पायांवर एका अंगाला कलून चालतो. परवा काकू पाकीट घेऊन आल्या, चौथा पाय लावून देते म्हणाल्या. मी माऊस उचलून मांडीवर घेतला आणि नाही म्हटलं.  मग काकूंनी पाकिटातली एक मरून टिकली काढली आणि माझ्या बंद असलेल्या मॉनिटरच्या काळ्या काचेत बघून, अगदी मधोमध, स्वतःच्या कपाळाला लावली.