तात्यांची बेल

तात्यांनी दोनदा टणटण केल्याशिवाय आमच्या वाडीतलं कुणी हायवे ओलांडत नसे. तात्या एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण तिकिटाचा पंच काही हातातून सुटला नाही. महाड आणि पोलादपूरच्या मध्ये आमची वाडी. रस्ता चौपदरी झाला आणि अर्धी घरं पलीकडे गेली. दुभाजकात एक फट राहिली होती, तिथूनच सगळ्यांची ये-जा. तात्या कडेच्या लोखंडी कठड्याशी पंच घेऊन उभे. एकदा वाजवला की थांबायचं, दोनदा वाजवला की निघायचं.

मी एकदा घाईत सिंगल बेलवरच निघालो. तात्यांनी कॉलर धरून मागे ओढलं आणि चारचौघांत विचारलं, "मास्तर, वरचं तिकीट काढलंय काय?"

माणसानं काळजी किती करावी! आंबेनळी घाटातून यायचं वऱ्हाड लांबलं की यांच्या घशाखाली घास उतरत नसे, मग लग्न कुणाचंही असो. शेळ्यांनासुद्धा बेल द्यायचे. फट बुजवा म्हणून त्यांनी कचेरीत इतक्या खेपा घातल्या, की तिथला शिपाई ते दिसताच साहेबांचं दार लावून घ्यायचा.

शेवटी फट बुजली. दिवे आले, चकाकणारे खांब आले आणि भुयारी मार्ग झाला तो पार फाट्यापाशी. समोरच्या घरी जायला एवढा वळसा पडू लागल्यावर वाडी तात्यांवर जाम उखडली. मीही त्यांच्याशी बोलणं कमी केलं.

तरी संध्याकाळी तात्या कठड्याशी दिसतच. आता बेल द्यायची कुणाला, हे बघायला परवा मी थांबलो. पलीकडे त्यांची थोरली बहीण, आक्का, उभी होती. आई गेल्यावर तिनंच यांना वाढवलं. फट होती तोवर ती रोज यांच्याकडे चहाला यायची. आता दोघांचेही गुडघे गेलेत, फाट्यापर्यंत चालवत नाही.

बघता बघता आक्कानं लुगडं सावरलं आणि थेट रस्त्यावर पाऊल टाकलं. वळणावरून कंटेनर येत होता. तात्यांनी हात उंच केला आणि पंच एकदाच वाजवला. आक्का मागे सरली. कंटेनर गेला तरी तात्यांचा हात वरच होता.

"एवढ्या आवाजात तिला ऐकू जातं?" मी विचारलं.

"नाय जात. हात दिसतो."

"मग तात्या, फट बुजवायचा हट्ट तुम्हीच कशाला धरलात?"

आक्का आपल्या ओट्यावर जाऊन बसली, तेव्हा कुठे त्यांनी हात खाली घेतला.

"तिला डबल मीच द्यायचो ना, मास्तर. रोज देताना हात कापायचा माझा. आता चहा एकट्यानं घेतो. पन ती हाय."