चलनातून बाद झालेले साडू

पैसे कसे न्यायचे यावरून दोन साडूंचं बिनसलं, तेव्हा बॅगा अजून माळ्यावरून खालीही आल्या नव्हत्या.

थोरल्या साडूंचं कुलपं, कड्या आणि बिजागऱ्यांचं दुकान होतं. त्यांना सगळे शेठ म्हणत. धाकटे साडू बँकेत होते. ग्राहकांच्या कार्डांवर काही संशयास्पद व्यवहार दिसला की कार्ड बंद करायचं, अशा विभागाचे ते प्रमुख. त्यांना सगळे साहेब म्हणत, आणि कोणी म्हणायला विसरलं तर ते आठवण करून देत. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. शेजारच्या देशात, सरहद्द ओलांडली की जवळच, तळ्याकाठचं एक सुंदर गाव होतं. तिथे चौघांनी मिळून जावं, असं त्या लग्न झाल्यापासून म्हणत होत्या. आता मुलं मार्गाला लागली, घरांचे हप्ते फिटले, आणि साडूंकडे सांगायला सबब उरली नाही.

शेठ रोख रकमेचे भक्त. तिकडच्या एका व्यापाऱ्याला त्यांनी पूर्वी कधीतरी कुलपं विकली होती. त्याने दिलेल्या तिकडच्या नोटांचं पुडकं त्यांनी कपाटात डांबराच्या गोळ्या घालून जपलं होतं. साहेबांनी त्या वासानेच नाक मुरडलं आणि पाकिटातून कार्ड काढून दाखवलं. हे जगात कुठेही चालतं, नोटा बाळगायचा जमाना गेला, असं त्यांनी सांगितलं.

"साहेब, खिशात वाजत नाही तो पैसा कसला," शेठ म्हणाले.

"शेठ, नोटाही वाजत नाहीत," साहेब म्हणाले.

थोरलीने सुचवलं की निघण्याआधी थोडे पैसे रीतसर बदलून घेऊ या, अडीअडचणीला बरे. त्यावर दोघांनीही नकार दिला. शेठनी पैसे बदलले असते तर पुडकं पुरणार नाही असं कबूल केल्यासारखं झालं असतं, आणि साहेबांनी बदलले असते तर कार्ड चालणार नाही असं. बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्या कपड्यांच्या घड्या घालायला लागल्या.

सरहद्द विनासायास पार झाली. पलीकडे बस थांबली तिथे चहाची टपरी होती. शेठनी चौघांसाठी चहा सांगितला, पुडक्यातली एक नोट ऐटीत काढली आणि उरलेले ठेव म्हणाले. चहावाल्याने नोट उजेडात धरली. मग त्याने शेजारच्या पानवाल्याला हाक मारली, पानवाल्याने सायकल दुरुस्त करणाऱ्याला. तिघांनी ती नोट जुन्या मित्रासारखी न्याहाळली. पानवाल्याला तर आपला पहिला पगार अशाच नोटांत मिळाल्याचं आठवलं आणि त्याचे डोळे पाणावले. या नोटा सरकारने केव्हाच रद्द केल्या, असं चहावाल्याने शेठना शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं. बदलून घ्यायची मुदतही सरली होती. चहाचे पैसे त्याने घेतले नाहीत. नोट मात्र मुलाच्या संग्रहासाठी मागून घेतली.

शेठ बाकड्यावर बसले ते उठेनात. साहेबांना वाईट वाटलं, पण फार नाही. काही काळजी करू नका, आता सगळं माझ्यावर सोपवा, असं म्हणून त्यांनी चौघांना चालत लॉजवर नेलं.

लॉज नीटनेटकं होतं. दुमजली इमारत, प्रत्येक खोलीला तळ्याकडची खिडकी. मॅनेजर मवाळ बोलायचा आणि नियमाला पक्का होता. बिल शेवटच्या दिवशी दिलं तरी चालेल म्हणाला, मात्र चौघांची ओळखपत्रं घेऊन त्याने खणात ठेवली. बिलाचे पैसे मिळाले की परत. ती कागदपत्रं नसतील तर सरहद्दीवरून माघारी जाता येत नाही, हेही त्याने जाता जाता सांगितलं.

सामान टाकून साहेब पैसे काढायला कोपऱ्यावरच्या मशीनकडे गेले. मशीनने कार्ड घेतलं, विचार केला आणि बाहेर ढकललं. साहेबांनी पुन्हा घातलं. मग रक्कम कमी करून पुन्हा. पलीकडच्या रस्त्यावर दुसरं मशीन होतं, तिथेही घातलं. परक्या देशात, अनोळखी मशीनवर, थोड्या वेळात वारंवार पैसे काढायचा प्रयत्न करणारा माणूस चोर असण्याची शक्यता दाट, हा नियम साहेबांच्याच विभागाचा होता. त्यांनीच तो लिहिला होता आणि त्याबद्दल त्यांचा सत्कारही झाला होता. फोनवर निरोप आला की आपलं कार्ड आपल्याच सुरक्षेसाठी बंद करण्यात आलं आहे.

लॉजवर येऊन त्यांनी स्वतःच्याच ऑफिसला फोन लावला. शेठना ऐकू जावं म्हणून मुद्दाम स्पीकर चालू ठेवला. आपल्या शब्दाला किती वजन आहे, हे एकदा त्यांना कळायला हवं होतं. फोन विभागातल्या नव्या मुलीने उचलला.

"अगं, मी बोलतोय. माझं कार्ड चालू कर."

"हो सर. फक्त एक सुरक्षा प्रश्न विचारते."

"मला? माझा आवाज ओळखत नाहीस?"

"ओळखते ना सर. पण आवाजावर जायचं नाही, असं तुम्हीच शिकवलंय. प्रश्न आहे, पत्नीचा आवडता रंग कोणता?"

धाकटी पलंगावर बसून केस विंचरत होती, तिचा हात थांबला. हा प्रश्न आणि त्याचं उत्तर साहेबांनी कार्ड घेताना स्वतः भरून दिलं होतं, त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

"निळा," साहेब म्हणाले.

"नाही सर."

"मग हिरवा. हिरवाच."

"नाही सर. आता एकच संधी आहे."

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. अगं, सांग की, असं ते दबक्या आवाजात म्हणाले. फोनमधून लगेच सूचना आली की बाजूला कोणी उत्तर सांगत असेल तर फोन ठेवावा लागेल.

"मी कशाला सांगू," धाकटी शांतपणे म्हणाली. "तुम्ही तेव्हा काय लिहून दिलं होतं, ते मलाही ऐकायचंय."

साहेबांनी डोळे मिटून गुलाबी म्हटलं. मुलीने खेद व्यक्त केला. कार्ड आता पूर्ण बंद झालं होतं आणि ते सुरू करायला खातेदाराला जातीने शाखेत यावं लागणार होतं. रजेचा आनंद घ्या, असंही ती म्हणाली. मनापासूनच म्हणाली असावी. फोन ठेवला तेव्हा त्यातली शिल्लकही संपली होती. शेठनी परदेशात चालणारी सेवा घेतलीच नव्हती. चार दिवस कोणी बोललं नाही तर काय बिघडतं, असं त्यांचं मत होतं.

आता उरला सरळ मार्ग. चौघांच्याही पाकिटांत आपल्या देशाच्या नोटा होत्या, त्या बँकेत बदलून घ्यायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी साडू बँकेसमोर उभे राहिले. दाराला कुलूप होतं आणि बाहेर कर्मचारी फलक घेऊन बसले होते. बँका संपावर होत्या, आणि सोबतीला पैसे बदलून देणारी अधिकृत दुकानंही बंद होती. साहेबांना शिव्याही घालता येईनात. स्वतः ते दोन संपांत पुढे होते. एका कर्मचाऱ्याने त्यांच्या हातात फलक दिला, तो त्यांनी सवयीने थोडा वेळ धरलाही.

"कुलूप चांगल्यापैकी आहे," शेठ दाराकडे बघत म्हणाले. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलंच वाक्य.

मॅनेजरने परक्या नोटा घ्यायला नम्रपणे नकार दिला. त्याला तसा हुकूमच होता. बसथांब्याजवळ एक माणूस कानाशी येऊन बदलायचे का, असं कुजबुजला. साहेबांनी त्याला हात धरून उभं केलं आणि रस्त्यावर चलन बदलणं हा कसा गुन्हा आहे, त्याने अर्थव्यवस्थेचं काय होतं, हे इतकं सविस्तर सांगितलं की तो माणूस हात सोडवून पळाला. बहिणी मागे उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. भाषण संपल्यावर थोरली म्हणाली, आम्ही जरा पाय मोकळे करून येतो.

खोलीभाड्यात सकाळचा चहा आणि पाव तेवढा मिळायचा. दुपारी साडूंनी बायकांना विचारलं, भूक लागली असेल ना. दोघी म्हणाल्या, छे, अजिबात नाही. आपल्यासाठी बिचाऱ्या उपाशी राहतात, या विचाराने दोघांनाही भरून आलं. आम्हालाही नाही, असं ते म्हणाले. मग बहिणी पुन्हा पाय मोकळे करायला गेल्या आणि साडू लॉजच्या समोरच्या बाकावर येऊन बसले. तळ्यात लोक होड्यांतून फिरत होते. काठावर कोणीतरी काहीतरी तळत होतं. त्याचा वास वाऱ्याबरोबर नेमका बाकापर्यंत यायचा आणि तिथेच थांबायचा.

शेठनी घड्याळ विकायचा प्रयत्न केला. दुकानदाराने ते कानाला लावलं, हलवलं आणि परत दिलं. साहेबांनी त्यांना कधी नव्हे ते धीर दिला. पुढच्या दिवशीही तेच, बँकही बंदच. सकाळचा एक पाव शेठनी रुमालात बांधून आणला होता. तो त्यांनी मधोमध मोडला, दोन्ही तुकडे निरखले आणि मोठा साहेबांना दिला. लग्नातल्या पंगतीपासून एकमेकांच्या ताटात किती वाढलंय हे मोजत आलेली ही माणसं.

"खरं सांगू का साहेब," शेठ तळ्याकडे बघत म्हणाले, "ते पुडकं मी जपलं, कारण ती दुकानातली शेवटची मोठी विक्री. आता दिवसाला तीन माणसं येतात. त्यातली दोन पत्ता विचारायला. नवीन घरांना अंगठा लावला की दार उघडतं. मी आपला जुन्या कुलपांना तेल घालत बसतो."

साहेबांनी हातातला पाव रुमालावर ठेवला. मग त्यांनीही सांगितलं. विभागात आता यंत्रच चोर पकडतं. साहेबांच्या हाती फक्त सही उरली होती, आणि पुढच्या वर्षी तीही जाणार होती. ऑफिसात ते सकाळपासून संध्याकाळपर्यंत कोणीतरी साहेब म्हणेल याची वाट बघत बसायचे. घरी सांगितलं नव्हतं.

"मीही नाही," शेठ म्हणाले.

मग ते बोलतच राहिले. मुलं फोन करत नाहीत यावर, गुडघ्यांवर, सासऱ्यांनी कुणाला जास्त मान दिला यावर. सासऱ्यांनी दोघांनाही सारखंच कमी लेखलं होतं, हे तीस वर्षांनी पहिल्यांदा उघड झालं. ऊन कलेपर्यंत त्यांच्या पोटात कावळे ओरडत होते, आणि खणातल्या ओळखपत्रांचं काय करायचं याचं उत्तर दोघांकडेही नव्हतं. उद्या सकाळी परतीची बस होती. मॅनेजरने पोलिसांना बोलावलं तर काय सांगायचं, हे त्यांनी ठरवून पाहिलं. शेठ म्हणाले, गुन्हा मी घेतो, तुमची नोकरी आहे. साहेब म्हणाले, कसली नोकरी, मीच घेतो. यावरूनही थोडा वाद झाला, पण त्यात जुना जोर नव्हता.

संध्याकाळी ते हातपाय गाळून लॉजवर आले तर बहिणी दारातच उभ्या होत्या. दोघींच्या चेहऱ्यांवर ऊन लागल्याची चमक होती. धाकटीच्या हातात चौघांची ओळखपत्रं होती. लॉजचं बिल भरून झालं होतं.

समोरच्या घरात एक शिवणकाम करणारी बाई राहायची. तिची मुलगी या चौघांच्या देशात नर्सिंग शिकत होती, दोन दिवसांनी सुट्टी संपवून परत जायची होती, आणि संपामुळे तिला बरोबर न्यायला त्या देशाच्या नोटा मिळत नव्हत्या. बहिणींकडे त्या होत्या. काल पहिल्यांदा पाय मोकळे करताना थोरलीने खिडकीतल्या शिवणयंत्राची चौकशी केली, आणि चहा होईपर्यंत नोटांची अदलाबदल झाली. तेव्हापासून दोघी रोज तिच्याकडेच जेवत होत्या. होडीतून फिरल्या होत्या. दोनदा.

रस्त्यावर नोटा बदलणं बेकायदेशीर आहे, एवढंच साहेबांनी म्हटलं.

"रस्त्यावर कुठे," धाकटी म्हणाली. "तिच्या घरात बसून बदलल्या."

"आणि आम्ही दोन दिवस उपाशी," शेठ म्हणाले. "अगं, सांगायचंस तरी."

थोरलीने पदराला हात पुसले. "काल तुम्हा दोघांना चांगली अद्दल घडवायची होती, ते खरं. आज मात्र दोनदा सांगायला निघालो होतो. तिच्या खिडकीतून तुमचं बाक दिसतं. दोन्ही वेळेला तुम्ही दोघं बोलत होतात. इतक्या वर्षांत तुम्हाला असं बोलताना पाहिलं नव्हतं. मोडवेना."

साडू एकमेकांकडे बघेनात. मग दोघांच्याही तोंडून एकाच वेळी प्रश्न बाहेर पडला, भाव काय लावला तिने.

थोरलीने भाव सांगितला. बाईमाणसांना फसवलं, असं शेठ मान हलवत पुटपुटले आणि पुष्टीसाठी त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी डोळे मिटून मनातल्या मनात हिशेब केला. पुन्हा एकदा केला. बँकेत गेलो असतो तर याहून कमीच मिळाले असते, असं त्यांनी शेवटी शेठच्या कानात सांगितलं. शेठनी खाली बघितलं.

खिडकीबाहेर तळ्यावर दिवे लागायला लागले होते. साहेबांनी घसा साफ केला, आणि ज्या आवाजात माणूस बँकेत कर्ज मागतो त्या आवाजात बायकोला विचारलं,

"त्या बाईंकडे... काही उरलं असेल का गं?"