चार बोटं दोरी

रोज सकाळी सातला वामनकाका गॅलरीतली कपडे वाळत घालायची दोरी सोडत, चार बोटं सरकवत आणि पुन्हा बांधत. दोरी चांगली धडधाकट होती. पण कडीवर एकाच जागी घासत राहिली तर तिथेच झिजून तुटते, म्हणून झीज रोज नव्या जागी पडली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. दोन-तीन महिन्यांत दोरीचं शेपूट त्यांच्या दारातून शेजारच्या माझ्या दारात येई. मग काका म्हणत, "मास्तर, आता परतीचा प्रवास."

हे त्यांना समुद्राने शिकवलं. ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत जन्म, फोर्टात कारकुनी, आणि निवृत्त झाल्यावर अचानक कॉलेजातल्या मित्राच्या शिडाच्या बोटीवरून अकरा महिन्यांची सफर. मित्र सुकाणू धरी. काकांकडे देखभाल. दोऱ्या तपासायच्या, फाटलेलं शीड शिवायचं, तळाशी झिरपलेलं पाणी उपसायचं, लोखंडावरचं मीठ पुसून तेलाचा हात फिरवायचा. सूर्यास्त कसे दिसायचे, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, वेळ कुठे होता?

परत आले ते बोट घेऊनच, असं शालूकाकू म्हणत. खोलीतले डबे फळीला बांधलेले. पंखा कुरकुरायच्या आधीच त्याला तेल. आंघोळीला अर्धी बादली, आणि शेवटी अंगावरचं मीठ धुवायला एक तांब्या 'गोडं पाणी' वेगळं काढलेलं. दोन्ही पाणी एकाच नळाचं. कोणी हसलं की ठरलेलं वाक्य, "समुद्रात दुकान नसतं."

"खाली उतरलं की तीन आहेत," काकू म्हणत.

त्या अकरा महिने एकट्या राहिल्या होत्या. रविवारी फोनवर काका बोट कुठवर आली ते सांगत, आणि काकू माझ्याकडून नेलेल्या नकाशावर तिथे आपली एक टिकली चिकटवत. अरबी समुद्रभर लाल टिकल्या झाल्या. शेवटची मुंबईवर, जरा मोठी. नकाशा मी परत मागितला नाही.

काका परतल्याला दोन वर्षं व्हायच्या आत काकू गेल्या. हृदय बरेच महिने थकत आलं होतं, असं डॉक्टरांनी मागाहून सांगितलं.

त्यानंतर काकांनी नवीनच खूळ काढलं. दोरी सरकवून झाली की मजल्यावरच्या प्रत्येक दारात उभे राहत. झोप लागली का, आडवं झाल्यावर दम लागतो का, उशा किती घेता, जिना चढताना थांबावं लागतं का. मग पाय बघत. चाळीत त्याला 'इन्स्पेक्शन' नाव पडलं. समोरच्या जोशीवहिनी तर काका दिसताच पदर खोचून पाय पुढे करत आणि म्हणत, घ्या, आजही सुजलेले नाहीत.

एका सकाळी मी शाळेच्या घाईत होतो. जरा तुटकच बोललो. "काका, आम्ही काय दोऱ्या आहोत का?"

ते गाठ मारत होते. ती पुरती आवळून झाल्यावर म्हणाले, "मी आल्यापासून ही जिन्यात दोनदा थांबायची, मास्तर. मला वाटायचं, माझ्याशी बोलायला थांबते."

मी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"मलाही बरं वाटायचं," ते म्हणाले. "अकरा महिने समोरासमोर बोलणंच नव्हतं ना. मीही थांबायचो, गप्पा मारायचो." मग खाली वाकून म्हणाले, "पाय दाखवा."

मी चप्पल काढली.

यंदा गणपती झाल्यावर काका गेले, झोपेतच. खोलीला कुलूप आहे. दोरी आता मी सरकवतो आणि मग जोशीवहिनींच्या दारात जाऊन उभा राहतो. त्या हसत नाहीत, पण पाय पुढे करतात.

काकांची बोटं जाड होती. मी पाच मोजतो.