नाचणारे दिवे आणि धर्माभावजी

आमच्या शेजारचे धर्माभावजी कुणाच्याही घरी गेले की आधी दिव्याखाली उभे राहतात. खिशातून खराट्याचा एक हीर काढतात, तोंडासमोर फराफरा हलवतात आणि निकाल देतात, "नाचतोय!"

नाचतोय म्हणजे दिवा. हलवलेल्या हिराची नुसती पुसट रेघ दिसली तर दिवा चांगला. एकाचे सात-आठ तुटक हीर दिसले तर नाचरा. स्वस्तातले एलईडी घरच्या करंटवर सारखे विझतात आणि पेटतात, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, "मला तर सरळ पेटलेला दिसतो."

"वैनी, डोल्याला कलत न्हाय. डोक्याला कलतं."

"तुमच्या डोक्याला काय कळतं, ते मी बघतेच आहे."

रेवदंड्यात त्यांचा त्रास झाला नाही असं घर नाही. दवाखान्यात डॉक्टर छाती तपासत होते आणि हे पडल्या पडल्या वर हीर हलवत होते. माझ्या नातीच्या साखरपुड्यात तर मुलाच्या बापासमोरच सुरू झाले. त्या बिचाऱ्याला वाटलं, इकडे पाहुण्यांची अशी दृष्ट काढतात. तो डोकं पुढे करून उभा राहिला. हे म्हणतात, "जरा बाजूला व्हा, तुमची सावली पडते."

त्यांची बायको जानकी आमची धवलारीण. लग्नातले सगळे विधी तिने गायलेल्या धवल्यांवर चालायचे. पण घराघरात हे दिवे आले आणि तिची अर्धशिशी उठायला लागली. दोन धवले होईतो तिला ओकारी यायची. शेवटी तिने संध्याकाळचं बाहेर पडणंच सोडलं. तेव्हापासून आमच्याकडे हळदीला डीजे असतो आणि माणसं एकमेकांशी खुणांनी बोलतात.

नातीची हळद धवल्यांशिवाय होऊ द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. हळदीच्या संध्याकाळी भावजी मांडवात आले. एकेका दिव्याखाली हीर हलवून पाहिला. सगळे नाचरे. मांडववाला वैतागला, "काका, लायटिंग सगलीकडं अशीच असते!"

भावजी तडक निघून गेले. मला वाटलं, रुसले. थोड्या वेळाने रिक्षा थांबली. आत हे, मांडीवर आपल्या होडीची बॅटरी आणि होडीचाच दिवा.

"बॅटरीचा करंट नाचत न्हाय, वैनी. तुमचं ते सगलं बंद करा."

बंद केलं. त्या एका दिव्याच्या उजेडात नात पाटावर बसली. जानकी आली, पदर सावरून बसली आणि पहिल्या धवल्यात तिने देवांना हळदीचं आवतण दिलं. आवाज थोडा अडखळला, मग लागला.

जेवणं सुरू झाली तरी भावजी दिसेनात. आत धवले चालूच होते. शोधलं तर मांडवामागच्या ओट्यावर एकटेच बसलेले, डोळे मिटून.

"जेवायला चला. बायको तुमचीच आहे, घरी ऐका की रोज."

"घरी न्हाय गात ती. म्हणते, धवला लग्नातच गायचा." त्यांनी डोळे उघडले नाहीत. "लय दिस झाले, वैनी."

मी त्यांचं पान तिथेच नेऊन ठेवलं.