चारशे मीटर आणि मावशीचं दळण

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. अख्ख्या श्रीरामपुरात माझ्याइतकी वेगवान फियाट कुणी बनवलेली नाही आणि यापुढेही कुणी बनवणार नाही! मी शाळेत चित्रकला शिकवतो, हे खरं आहे. पण कुठलीही गाडी आधी कागदावरच पळते, हे लोक विसरतात.

फियाट माझ्या वडिलांची. त्यांच्यामागे ती आमच्या शेडमध्ये नुसती बसून होती आणि माझा तिच्यावर भारी जीव. बायकोचा जीव मात्र शेडवर! नॅन्सीचे केक गावात खपायला लागले होते आणि तिला तिथं मोठा ओव्हन बसवायचा होता.

"अहो, ती गाडी भंगारात द्या," ती रोज म्हणायची.

एके दिवशी मी रागाच्या भरात म्हणालो, "भंगारात? ही गाडी मी ड्रॅग रेसमध्ये उतरवणार आहे!"

ड्रॅग रेस म्हणजे सोपा मामला. दोन गाड्या शेजारी उभ्या करायच्या, झेंडा पडला की सरळ चारशे मीटर पळवायच्या. कोल्हारजवळ एक नवा रस्ता तयार होऊन पडला होता आणि केवळ उद्घाटनासाठी खोळंबला होता. तिथले पुढारी आबासाहेब यांच्या युवक मंडळानं रीतसर परवानगी काढून स्पर्धा ठेवली होती.

नॅन्सी शांतपणे म्हणाली, "ठीक आहे. जिंकलात तर गाडी शेडमध्ये. हरलात तर भंगारात. कबूल?"

"कबूल!" मी म्हणालो. त्यानंतर कळलं, की माझ्याविरुद्ध तिचा सख्खा भाऊ गिदोन उतरणार आहे. त्याची गाडी पुण्यात सजवलेली. फोनवर तो एवढंच म्हणाला, "दाजी, धक्का मारायला माणसं आणा बरं का!"

मी पेटलोच! माझा मित्र तौफिक मिस्त्री याला घरी बोलावलं. त्यानं एका मोडीत निघालेल्या डिझेल जीपचा टर्बो आणला. टर्बो म्हणजे इंजिनाच्या तोंडात बळजबरीनं हवा कोंबणारा पंखा. आपण जावयाच्या ताटात पुरणपोळी वाढतो ना, तो नको नको म्हणत असताना? तसंच. पहिल्यांदा चालू केला तेव्हा त्यानं अशी शिट्टी मारली, की शेजारच्या तीन घरांतल्या बायका कुकर बंद करायला धावल्या.

"सर, आता वजन कमी करा," तौफिक म्हणाला. "गाडी हलकी, तर पळणार."

मग काय! ड्रायव्हरची सोडून सगळ्या सीटा काढल्या. चारही दारं काढली. स्टेपनी, बंपर, आरसे, पायपुसणी, सगळं बाहेर. तरी समाधान होईना, म्हणून मी स्वतःचंही वजन कमी करायला घेतलं. रात्रीचं जेवण बंद. रविवारचं मटण बंद. पाद्रीसाहेबांनी माझ्या खप्पड गालांकडे बघून नॅन्सीला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "घरात काही ताण आहे का?"

स्पर्धेच्या दिवशी मी आणि तौफिक फियाट टेम्पोत घालून कोल्हारला पोचलो. नॅन्सी भावाच्या एसी गाडीतून आली. बघ्यांची ही गर्दी! आधी एकेकट्यानं सरावाची फेरी होती. मी हेल्मेट चढवलं, गिअर टाकला आणि अॅक्सिलरेटर दाबला. टर्बोनं शिट्टी मारली, इंजिन गरजलं, मागची चाकं गरागरा फिरली, धुराचा लोट उठला...

धूर विरला. गाडी जागच्या जागीच होती!

"दाजी, रस्ता पुढं आहे!" गिदोन ओरडला. लोक हसून हसून बेजार झाले. मी पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. गाडी मागं इतकी हलकी झाली होती, की चाकं रस्त्याला टेकायलाच तयार नव्हती. तौफिकनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. नॅन्सी पर्समधून मोजायची टेप काढून कुणाला तरी ओव्हनची रुंदी दाखवत होती. वडिलांची गाडी उद्या भंगाराच्या काट्यावर चढणार, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. खरं सांगतो, हेल्मेटच्या आत मला रडू येत होतं.

मग खरी शर्यत पुकारली. दोन्ही गाड्या रेषेवर लागल्या. एवढ्यात शेजारून आवाज आला, "जावईबापू, तिकडंच चाल्लाय न्हवं?"

दया मावशी! नॅन्सीची सख्खी मावशी. आमचं लग्न हिनंच जुळवलेलं, त्यामुळे तिला नाही म्हणायची माझी आजवर छाती झालेली नाही. डोक्यावर दळणाचा डबा, बरोबर चार बायका, त्यांच्याही डोक्यावर डबे आणि दोघींनी मिळून धरलेलं बाजरीचं एक पोतं.

"गिरनी त्या टोकाला हाय," मावशी म्हणाली. "गिदोनला इचारलं, तर त्यो काच वर करून बसलाय. तुमी रिकामेच चाल्लाय, आमाला तेवढं सोडा की!"

"मावशी, ही रेस आहे!"

"आसू द्या की. आमालाबी घाईच हाय!"

गाडीला दारं नव्हती, हे मी विसरलो होतो. मी वळेपर्यंत पाचही बायका आत! "आगं, सीटाच न्हाईत. लई ऐसपैस हाय!" असं म्हणून त्यांनी मांड्या घातल्या आणि बाजरीचं पोतं मागं, बरोबर चाकाच्या वरच्या जागेत ठेवलं. नेमका त्याच वेळी गिदोननं ऐट दाखवायला आपले टायर घासले आणि असा धूर केला, की झेंडेवाल्याला आमची गाडीच दिसेना.

झेंडा पडला. मी डोळे मिटून अॅक्सिलरेटर दाबला.

देवाशप्पथ सांगतो, बंदुकीतून गोळी सुटावी तशी फियाट सुटली! सहा माणसं, पाच डबे आणि पोत्याच्या वजनानं मागच्या चाकांनी रस्ता असा धरला, की माझी मान मागं गेली ती मागंच राहिली. गिदोनची चाकं अजून धूरच काढत होती.

"एक शिट्टी झाली!" मागून कुणीतरी म्हणालं.

"आगं बाई, दुसरी झाली! आता उतरवा!"

मी रेषा ओलांडली! पहिला! आनंदानं ब्रेक दाबणार तोच मावशी ओरडली, "हितं न्हाई, गिरनीपाशी थांबवा!" मी मुकाट्यानं गिरणीपाशी थांबवली. ऊन व्हायच्या आत दळण लागलं म्हणून बायका खूश.

आबासाहेब धापा टाकत आले. "सर, गाडी पहिली. पण तुम्ही बाद! स्पर्धेत प्रवासी वाहतूक चालत नाही."

"मी परवाशी न्हाई," मावशी कडाडली. "मी नातेवाईक हाय!"

पण नियम तो नियम. करंडक गिदोनला गेला. मी फियाटच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलो आणि नॅन्सीची वाट बघू लागलो. ती आली. गाडीभोवती एक फेरी मारली. आत वाकून पाहिलं.

"मावशी, गचके बसले का गं?"

"छ्या! दळणाचा डबासुदिक हलला न्हाई."

नॅन्सीनं माझ्याकडे वळून हात पुढं केला. "चावी द्या."

"भंगारात...?" मी चावी मुठीत घट्ट धरली.

"वेडे आहात का? एवढी जागा, एवढा वेग! नगरपर्यंत केक ताजे पोचतील. गाडी राहील. पण आजपासून माझी."

मला इतका आनंद झाला, की मी तिला सगळ्यांसमोर मिठी मारणार होतो! पण तोवर ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली होती. श्रीरामपूरला जायचंय म्हणून पाच बायकाही पिठासकट आत. तौफिक डिकीत.

"आणि मी?" मी विचारलं.

"जागा कुठंय, जावईबापू?" मावशी कळवळून म्हणाली. "तुमी येष्टीनं या."

मी एस.टी.नं निघालो. उभ्यानंच. बायका वाटेत कुठंतरी चहाला थांबल्या असाव्यात, कारण अर्ध्या वाटेत मागून शिट्टी ऐकू आली, आणि माझ्याच गाडीनं आमच्या एस.टी.ला असं सपकन मागं टाकलं, की ड्रायव्हर शिव्या देत राहिला. माझ्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. पण पिकअप काय होता हो!