धोंड्याच्या महिन्यात बंद पडलेली गाडी

"एसी बंद, गाणी बंद! आता श्वासही बेतानंच घ्यायचा का?"

मागच्या सीटवरून आमचे हे, काकासाहेब, माझ्या कानाशी पुटपुटले.

"बॅटरी वाचते," मी स्टिअरिंग न सोडता म्हटलं. जालना रोडवर भर दुपारी गाडीत नुसती भट्टी पेटली होती. पण मी खुशीत होते! आज मी लढणार होते!

ही जुनी इलेक्ट्रिक गाडी विकताना दुकानदार म्हणाला होता, "एका चार्जिंगमध्ये अजिंठा जाऊन परत!" अजिंठा कुठला, ती भाजी आणायला नेली तरी येताना रुसून बसायची. पण मीही काही कच्च्या गुरूची चेली नाही! मोबाइलवर वाचून वाचून ग्राहकाचे हक्क तोंडपाठ केलेत. माल जुना असला तरी दुकानदारानं दोष लपवून विकला, तर तक्रार करता येते. एकदम सोपं!

अडचण एवढीच, की तो दुकानदार आत्ता माझ्या शेजारी बसला होता. आमचे जावई, प्रणयराव! त्यातून चालू होता धोंड्याचा महिना, म्हणजे जावयाला देवासारखं पुजायचे दिवस. सकाळी जेवताना मी विषय काढलाच होता.

"प्रणयराव, त्या गाडीचं..."

"काय, मामी?"

"...काही नाही, अजून एक धोंडा घ्या! वर तूप घ्या!"

आता त्यांना, माझ्या लेकीला आणि विहीणबाईंना मुकुंदवाडीला घरी सोडायचं होतं. म्हटलं, रस्त्यात बोलूच. तोंड उघडलं मात्र, बॅटरी साठ टक्क्यांवरून थेट शून्यावर! गाडीनं रस्त्याच्या कडेला अंग टाकलं.



"उन्हानं झालं असंल," हे म्हणाले.

"चाकात हवा कमी असंल," लेक मोनिका म्हणाली.

"धोंडे जरा जड झाले," मी म्हटलं.

प्रणयराव मांडीवरचं अनारशांचं ताम्हण सावरत म्हणाले, "मामी, मी उतरून ढकलतो."

"अगंबाई! धोंड्याच्या महिन्यात जावयानं गाडी ढकलायची? बसा तुम्ही!"

मोनिका स्टिअरिंगवर बसली आणि आम्ही नवरा-बायको मागून गाडी जवळच्या चार्जिंग स्टेशनाकडं ढकलू लागलो. पुढं जावई असे बसलेले, जशी काही त्यांची वरात निघालीय! शेजारून ओळखीचा रिक्षावाला रहीमभाई ओरडला, "आपा, वो आगेवाले भाई कू उतारो ना! वजन कम होता!"

"जावई आहेत ते!" मी धापा टाकत म्हटलं.

"अच्छा, दामाद! फिर बैठने दो," म्हणत तो बिचारा रिक्षा थांबवून स्वतःच ढकलायला आला.

ह्यांचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता. माझी चप्पल तुटली. एवढा कायदा पाठ, पण तोंडातून फक्त "हुश्श!" निघत होतं. बोलले असते, तर लेकीला घरी काय काय ऐकावं लागलं असतं!

तेवढ्यात मागच्या खिडकीतून विहीणबाई चतुराबाईंचं डोकं बाहेर आलं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, मग पुढच्या सीटकडे.

"पन्या, उतर खाली! सासूला फसवून खराब गाडी विकली, अन् वरून तिलाच ढकलाया लावतो व्हय? उद्याच्या उद्या गाडी माघारी घे, अन् पैसे दे. इहीणबाई काय तक्रार करायच्या नाय, पण मी करीन! तू काय माझा जावई नाय!"