नळीतला काळा ठिपका

"दिसतो," कृष्णनाथ म्हणाला. "अजून दिसतो."

सकाळचे साडेसहा वाजले होते. धारगळच्या हायवेवरच्या ट्रकांचा आवाज काजूच्या झाडांत अडकून मऊ होऊन येत होता. कृष्णनाथ पोहण्याच्या तलावाच्या काठावर, उगवतीकडे तोंड करून, बोटभर लांबीची काचेची नळी डोळ्यांसमोर धरून उभा होता. नळीच्या तळाशी एक काळा ठिपका होता आणि वरून तो पेजेच्या निवळीसारखं गढूळ पाणी थेंबथेंब सोडत होता. नळी काठोकाठ भरली.

"दिसतो!" त्यानं नळी कपाळाला लावली आणि वहीत लिहिलं, 'स्टॅबिलायझर कमी.'

हा तलाव त्याच्या मुलाचा, रुद्रेशचा. गोवा घटक राज्य झालं त्या वर्षी जन्मलेला रुद्रेश आता बोटीवर नोकरीला होता. मोरजीला येणाऱ्या पर्यटकांना भाड्यानं द्यायला म्हणून त्यानं घरामागे तलाव बांधला आणि तो परत बोटीवर गेला. तलाव राहिला बापाकडे. बरोबर एक पाणी तपासायची पेटी आणि म्हापशातल्या दुकानदार महादेवचा फोन नंबर.

महादेवनं फोनवर सगळं नीट समजावलं होतं. "क्लोरीन पाण्यातली घाण मारतो. पण उन्हात तो उडून जातो. म्हणून स्टॅबिलायझरची पूड. ती म्हणजे क्लोरीनच्या डोक्यावरची छत्री समजा. पेटीतलं औषध घातलं की तलावाचं पाणी, पूड जितकी जास्त तितकं गढूळ होतं. त्या पाण्यानं नळी हळूहळू भरायची. ठिपका दिसेनासा झाला की तिथला आकडा वाचायचा; तळाशी शंभर, वर जावं तसा आकडा कमी. पन्नासाच्या रेघेपाशी गेला तर उत्तम. वरपर्यंत दिसतच राहिला तर पूड कमी, थोडी घालायची."

"आकडा वाचायला मला शिकवू नकोस," कृष्णनाथ म्हणाला होता. "डिचोलीच्या खाणीवर तीस वर्षं ट्रकांच्या वजनकाट्यावर बसलोय मी. एक किलो इकडचा तिकडे झाला नाही."

ते खरंच होतं. पण काट्याखाली सावळा ठिपका नव्हता. कृष्णनाथचं सगळं आयुष्य कीर्तनं ऐकण्यात गेलेलं. गाभाऱ्यातल्या अंधारात देव आधी दिसत नाही, नजर ठरली की दिसतो, हे त्यानं लहानपणापासून ऐकलेलं. नळीतही तो नजर ठरवायचा. ठिपका दिसायचा. मग तो पूड घालायचा. महादेव सांगायचा एक किलो, हा घालायचा सव्वा; देवाच्या कामात कोणी मोजून मापून देतं का?

महिनाभरात पाणी निळ्याचं हिरवं झालं. आधी कोवळ्या केळीच्या पानासारखं, मग थेट पोफळीच्या.

"अहो," देवकी मागच्या दारातून म्हणाली, "आज पोदेर पाव घेऊन आयलो, तो विचारी होतो, वहिनी, म्हशी कितक्यो घेतल्यात?"

"क्लोरीन टाकलाय. दुप्पट."

"आनी बेडकांनी तो खाल्लो. सकाळी एकटो बेडूक पोटभर गायत होतो."

एरवी कृष्णनाथनं हे हसण्यावारी नेलं असतं. पण फोंड्याच्या बाबाजीबुवांचं पत्र आलं होतं. चाळीस वर्षं कृष्णनाथ ज्यांच्या कीर्तनाला मांडी घालून बसत आला ते बुवा आता अठ्ठ्याहत्तरचे. गुडघे गेले होते. वर्ष झालं, त्यांनी कीर्तन केलं नव्हतं. कोणी म्हणालं, बसून करा, तर बुवा म्हणाले, "नारदाला कोणी खुर्चीत बसलेला पाहिलाय का?" डॉक्टरांनी त्यांना पाण्यात चालायला सांगितलं होतं. कृष्णनाथनं लगोलग लिहिलं, 'आमच्याकडे तळी आहे, तळ दिसतो. पाच दिवस आधी या, पाण्यात चाला आणि त्रिपुरारी पौर्णिमेला तळीकाठी गजेंद्रमोक्ष उभ्यानं सांगा.' बुवांनी उत्तर दिलं होतं: 'येतो. उभा राहिलो तर हे शेवटचं.'

आणि बुवा आले. भाच्यानं गाडीतून उतरवलं, दोन काठ्यांवर तोलत ते थेट मागच्या बाजूला गेले आणि पाण्याकडे बघत बराच वेळ उभे राहिले.

"कृष्णनाथा, तळ कुठल्या बाजूनं दिसतो?"

"बुवा, चार दिवसांत निवळेल. छत्री कमी पडतेय, एवढंच." त्यानं घाईघाईनं नळी भरली आणि बुवांसमोर धरली. "बघा. तळाशी. दिसतो ना सावळा?"

बुवांनी चष्मा वर केला, खाली केला. कृष्णनाथच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"दिसतो," ते म्हणाले.

देवकी चहा घेऊन आली होती. तिनं एका हातात ट्रे धरून दुसऱ्या हातानं नळी ओढून घेतली. आत पाहिलं. नळी डोळ्याला लावून पाहिलं. उजेडाकडे फिरवली.

"खंय आसा?"

"तळाशी गो. नजर ठरव."

"ठरयली. नुसती पेज दिसता."

"तुझ्या मनात भाव नाही."

"भाव देवळात. ही काचेची नळी." तिनं पाणी ओतून टाकलं, बाटलीतलं गढूळ पाणी पुन्हा हळूहळू सोडायला लागली. पहिल्याच रेघेला थांबली. "हंय गेलो ठिपको. हंय कितें लिवलां? शंभर."

"शक्य नाही!"

"बुवा, तुमीच सांगा. देवाशपथ."

बुवांनी चहाचा घोट घेतला. मग दुसरा घेतला. "खरं सांगू का, बाई? मलाही दिसला नव्हता. पण हा एवढ्या प्रेमानं विचारत होता. नाही कसं म्हणू?"

कृष्णनाथ पायरीवर बसला. तीस वर्षांत एक किलो इकडचा तिकडे न होऊ दिलेला माणूस एका ठिपक्यानं पाडला होता.

फोनवर महादेवनं आकडा पुन्हा विचारून घेतला. "शंभराच्या वर? अहो काका, एवढी मोठी छत्री धरली तर क्लोरीन तिच्या सावलीत झोपून जातो. मग शेवाळ मोकाट. पूड काढायचं औषध नाही. पाणीच काढा. तीनातले दोन भाग. मग विहिरीचं भरा आणि क्लोरीनचा एक जोरदार डोस द्या."

पंप लागला. हिरवं पाणी दिवसभर रस्त्याकडेच्या गटाराला लागून गेलं आणि बेडूक त्याच्यामागून शिस्तीनं गेले. उरलेल्या पाण्यात लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडून कृष्णनाथनं भिंती घासल्या. बुवा काठावर खुर्चीत बसून वरून गुणगुणत होते, त्या तालावर ब्रश चालत होता. दुसऱ्या दिवशी विहिरीचं पाणी चढू लागलं. क्लोरीन जागा झाला. हिरवा रंग दुधी झाला, दुधीचा निळसर.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी वीज गेली. ट्रान्सफॉर्मर उडाला होता. पंप थांबला. पाणी माणसाच्या कमरेपर्यंत आलं होतं, त्याच्या वर एक बोट चढेना.

"अर्धीच तळी," कृष्णनाथ म्हणाला. "आणि बुवांना पाच दिवसांत एकही दिवस चालायला मिळालं नाही. मीच घालवलं सगळं."

देवकी उद्याच्या पणत्यांसाठी केळीच्या सोपटाच्या होड्या करत होती. तिनं एक होडी मोडली आणि पुन्हा केली.

पौर्णिमेच्या दिवशीही वीज आली नाही. संध्याकाळी गाव जमलं. डबकं बघू म्हणून आलेले लोक निळ्या पाण्याकडे बघून चपला काढून बसले. होड्यांत पणत्या लागल्या. त्या पाण्यावर सोडल्या, तेव्हा तळ दिसत होता आणि तळावर पणत्यांच्या सावल्या हळूहळू चालत होत्या. पेटी-तबला काठावर मांडला होता. बुवा खुर्चीतून उठले, दोन पावलं चालले आणि थांबले. काठ्या थरथरत होत्या. कृष्णनाथनं डोळे मिटून घेतले.

पाण्याचा आवाज झाला.

बुवा पायऱ्या उतरून पाण्यात गेले होते. कमरेपर्यंत. पाण्यानं त्यांचं निम्मं ओझं उचललं होतं. त्यांनी एक काठी काठावर ठेवली. मग दुसरी ठेवली. चिपळ्या घेतल्या.

"गजेंद्र," बुवा म्हणाले, आणि आवाज चाळीस वर्षांपूर्वीचा निघाला, "असाच उभा होता हो! कमरेएवढ्या पाण्यात!"

दीड तास ते उभे होते. मगरीनं पाय धरला तेव्हा त्यांनी पाण्यात असा पाय झटकला की पुढच्या रांगेतली गंगा, शेजारीण, पदर वर घेऊन मागे सरकली. हत्तीनं कमळ उचलून हाक मारली तेव्हा एक पणती तरंगत त्यांच्या हाताशी आली आणि त्यांनी तीच वर उचलली. पाणी आणखी हातभर चढलं असतं तर बुवांना चिपळ्या वाजवता आल्या नसत्या, हे कृष्णनाथच्या लक्षात आलं, पण तोवर त्याला काही दिसत नव्हतं.

सकाळी निघताना बुवा म्हणाले, "मला ती नळी पुन्हा दाखवा. या खेपेला खरं सांगतो."

देवकीनं नळी भरली. "बघा."

"दिसतो," बुवा म्हणाले. "शप्पत, दिसतो."

"पन्नासापर्यंत दिसता," देवकी म्हणाली. "अहो, बघा तुमी. आता खरोच आसा."

कृष्णनाथनं नळी घेतली. रात्रीपासून भरलेले डोळे बुवांची गाडी दारात बघून पुन्हा भरले होते. त्यानं खूप वेळ पाहिलं.

"माका दिसना," तो म्हणाला.

देवकीनं नळी काढून घेतली. "उद्यापासून ही माझ्याकडे. तुमी पाण्यातली पानां काढा."

तेव्हापासून आठवड्याला एकदा, दूध तापत ठेवून, देवकी तलावाच्या काठावर जाते. पाणी थेंबथेंब सोडते आणि आकडा वहीत लिहिते. एका सोमवारी कृष्णनाथ अजून उठला नव्हता आणि काठावर कोणी नव्हतं. तिनं पन्नासाच्या रेघेपर्यंत पाणी आणलं. ठिपका आता अगदी पुसट, धुक्यातल्यासारखा झाला होता. आणखी एक थेंब ओतला असता, तर तो दिसेनासा झाला असता.

देवकीनं इकडेतिकडे पाहिलं. तो थेंब तिनं ओतला नाही.